बाबांचा अँप्लिफायर आणि चौदा शेंगदाणे

टेबलावर ही राखाडी पेटी दिसते ना, हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे. १९६६ साली माझ्या वडिलांनी बेळगावात, शहापूरच्या घरी हातानं बनवलेला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आज हा चालतो, पण मध्ये सात महिने बंद होता आणि तो बंद पाडला होता मीच. आजची गोष्ट त्या सात महिन्यांची.

शहापूरचं घर विकलं तेव्हा आई आमच्याकडे राजाजीनगरला आली. सामानात ही पेटी होती आणि कुमार गंधर्वांच्या काही रेकॉर्ड होत्या. कुमारजी मूळचे बेळगावजवळच्या सुळेभावीचे, त्यामुळे आई त्यांना घरातलंच माणूस समजते. ती म्हणाली, "ह्यांच्या पेटीवर एकदा ऐकव की रे." मी तीस वर्षं सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये काढलेली. आमचं ब्रीदवाक्य 'तीव्र चौकस'. त्या संध्याकाळी मी तीव्र होतो, चौकस नव्हतो. पंचवीस-तीस वर्षं बंद असलेला अँप्लिफायर सरळ भिंतीतल्या प्लगला लावला.

पहिलं मिनिट छान गेलं. व्हॉल्व्ह केशरी दिसू लागले. मग घरघर सुरू झाली. मग एका व्हॉल्व्हच्या आतली पत्र्याची नळी लालबुंद झाली, आणि मी बटणापर्यंत पोचेतो खोलीत जळक्या वार्निशचा वास भरला.

झालं होतं काय, तर जुन्या सर्किटमध्ये दोन टप्प्यांच्या मध्ये कागदाचे कंडेन्सर असतात. त्यांनी संगीत पुढे जाऊ द्यायचं आणि डीसी व्होल्टेज अडवायचं. कागदात ओल शिरली की ते गळू लागतात. मग पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो धन दाब येतो आणि तो बेसुमार करंट ओढतो. फ्यूज असतो तो अशाच वेळेसाठी. फ्यूज उडायला हवा होता. मी फ्यूजचं झाकण उघडलं, तर आत तांब्याची तार. ती मीच घातली होती, १९७९ मध्ये. कॉलेजात होतो, फ्यूज उडाला होता, बाजारात जायचा कंटाळा आला होता. बाबांना कधी सांगितलं नाही. त्या तारेनं पंचेचाळीसएक वर्षांनी बाबांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळला.

आता सुटे भाग शोधायचे. यात तीन जाती असतात हे मला तेव्हा कळलं.

पहिली जात सोपी. कंडेन्सर, रेझिस्टर, सॉकेट. बेंगळुरूत एस.पी. रोड म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोडच. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरसाठी ४५० व्होल्टचे कंडेन्सर हवेत. तो म्हणाला, "वॉटर व्हॉल्व्हसाठी पुढच्या गल्लीत जा, सर." आतून त्याचे आजोबा हसत बाहेर आले आणि दहा मिनिटांत यादीतलं सगळं समोर ठेवलं. कागदाच्या कंडेन्सरांच्या जागी पॉलिस्टरचे, ६३० व्होल्टचे. जुने रेझिस्टर मी घरी मापले, निम्म्यांची किंमत छापल्यापेक्षा बरीच वर चढलेली होती. सगळे बदलले.

दुसरी जात व्हॉल्व्हची. त्यांच्या नावातच त्यांची कुंडली असते, ती युरोपीय पद्धत एकदा सांगून टाकतो. ईएल ८४ घ्या. 'ई' म्हणजे फिलॅमेंटला ६.३ व्होल्ट. 'एल' म्हणजे ताकद देणारा पेंटोड. आठाचा आकडा म्हणजे नऊ पिनांची बैठक. ईसीसी ८३ मध्ये 'सी' दोनदा, म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. ईझेड ८१ मधला 'झेड' म्हणजे एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर. बाबांनी इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीचं 'फाइव्ह-टेन' सर्किट वापरलं होतं. पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट. त्यात हे तिन्ही येतात.

हे व्हॉल्व्ह आजही नवे बनतात, रशियात सारातोव्हला आणि स्लोव्हाकियात. गिऱ्हाईक मुख्यतः गिटारवाले. व्हॉक्स एसी-३० या प्रसिद्ध गिटार अँप्लिफायरमध्ये चार ईएल ८४ असतात, त्यांच्या पुण्याईवर आपलं भागतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. जुन्या व्हॉल्व्हवर 'बीईएल' छापलेलं होतं. भारत इलेक्ट्रॉनिक्स, जालहळ्ळी. आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. १९५४ ला स्थापन झालेल्या या कारखान्यात १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनत होते. म्हणजे बाबांनी बेळगावात विकत घेतलेली वस्तू साठ वर्षांनी माहेरी आली होती, आणि तिची जोडीदारीण मला सगळ्या गावात मिळेना!

चिकपेट भागातल्या रविवारच्या जुन्या बाजारात एका खोक्यात सहा ईएल ८४ सापडले. खरे किती, मेलेले किती, कोण सांगणार? आमच्याच ब्लॉकमध्ये एक आजोबा राहतात, बीईएलमधून निवृत्त. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एकेक व्हॉल्व्ह खिडकीच्या उजेडात धरला. काचेच्या टोकाला आतून चांदीसारखा लेप असतो, तो उरलीसुरली हवा शोषून घेतो. लेप पांढरा पडला की समजायचं, हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. दोन तिथेच बाद. एक टिचकी मारल्यावर खुळखुळला. उरले तीन. मी विचारलं, "सर, तुमच्याकडे घरी एखादा असेल ना?" ते म्हणाले, "आयुष्यभर बनवले, घरी एकही आणला नाही. गेटवर झडती असायची." आणि मग म्हणाले, "नसती तरी आणला नसता."

तिसरी जात म्हणजे ट्रान्सफॉर्मर. हा कुठल्याच दुकानात नसतो. परदेशातून मागवता येतो, पण निव्वळ लोखंड आणि तांबं, टपालखर्च वस्तूच्या बरोबरीला जातो. दुसरा उपाय, पुन्हा गुंडाळणे. आमच्या औद्योगिक वसाहतीत एक मोटार रिवाइंडिंगवाले आहेत. ते म्हणाले, "वेढे किती ते सांगा, गुंडाळून देतो." तिथेच सगळं अडलं. बाबांची वही कुठे सापडेना.

हिशेबानं अंदाज येतो. व्हॉल्व्हच्या बाजूला ८००० ओहम हवेत, स्पीकर ८ ओहमचा. भागाकार १०००, त्याचं वर्गमूळ साधारण ३१.६. म्हणजे स्पीकरच्या बाजूच्या एका वेढ्याला इकडे बत्तीसेक वेढे. पण हे फक्त प्रमाण झालं. नेमका आकडा हवा तर बाबांनी गुंडाळलेलं उलगडून मोजायला हवं. उलगडलं की ते संपलं. बरं, जळाला होता अर्धाच भाग. उरलेला अर्धा त्यांच्या हातचा, जसाच्या तसा. दोन आठवडे मी तो ट्रान्सफॉर्मर कपाटात ठेवून दिला.

शेवटी आईला सगळं सांगितलं, फ्यूजच्या तारेसकट. फ्यूजचं तिला माहीत होतं. म्हणाली, "ह्यांना पण माहीत होतं. पोरगा फौजेत गेला, आता काय बोलायचं, म्हणाले." मग म्हणाली, "उलगड. तीनदा चुकून चौथ्यांदा जमलं होतं त्यांना. ते हँडल फिरवायचे, मी मोजायची. शंभर झाले की एक शेंगदाणा ताटलीत."

"किती शेंगदाणे झाले होते?"

"ते आठवत नाही. नंतर तूच खाल्लेस."

मग मी चांगला अर्धा भाग उलगडला, आई समोर बसून मोजत होती. ६११ व्या वेढ्याला एक जोड लागला. तार संपली होती, म्हणून बाबांनी दुसरी जोडून वर वार्निशचं कापड गुंडाळलं होतं. एकूण भरले १४३०. दुसरा अर्धाही तेवढाच असायला हवा, नाहीतर दोन व्हॉल्व्हची जोडी जुळत नाही. चौदा शेंगदाणे आणि वर तीस. स्पीकरच्या बाजूचे ९०. रिवाइंडिंगवाल्यांना थरांचा क्रमही लिहून दिला. स्पीकरचे वेढे मधल्यामध्ये वाटून घातले नाहीत तर तार सप्तकातला आवाज दबतो.

या वेळी शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केलं. बल्ब भक्कन पेटला आणि मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. एक हात खिशात ठेवूनच मोजमाप केलं. आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरात राहतात. घरी कुणी असलं काही उघडणार असाल तर आधी रेझिस्टर लावून ते रिकामे करा. दोन्ही ईएल ८४ च्या कॅथोडवर अकराच्या आसपास व्होल्ट, जोडी जुळलेली. फ्यूज नवा, एक अँपिअरचा. दोन जास्तीचे पेटीला आतून चिकटवून ठेवलेत.

त्या रविवारी बीईएलवाल्या आजोबांनाही बोलावलं. त्यांना मराठी कळत नाही. गाणं सुरू झालं तरी ते खुर्चीत बसेनात. वाकून पेटीच्या मागून व्हॉल्व्ह बघत राहिले. आई डोळे मिटून होती. थोडी घरघर अजून येते, ती काही गेलेली नाही. रेकॉर्डची एक बाजू संपली, सुई खरखरायला लागली. मी उठून सुई उचलली.

आई म्हणाली, "दुसरी बाजू कोण लावणार?"