नमुना कुठून घेतला?

(ईट, ता. भूम, जि. धाराशिव इथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



माझी आजी एकाच नदीला दोन नावांनी ओळखायची. वरची नदी आणि आपली नदी. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, त्याखाली गुरं, त्याखाली धुणं, आणि सगळ्यात खाली आपण. "वरून समद्या गावाचं येतंय, वाळूत झिरा कर अन् मग भर," असं ती सांगायची. झिरा हीच तिची प्रयोगशाळा. वास घेऊन, जिभेवर थेंब ठेवून ती पाणी पास-नापास करायची. तिचा अहवाल कुठल्याच दप्तरात नाही.

आज मला नदीच्या पाण्याच्या दप्तराबद्दलच बोलायचंय. पुण्या-मुंबईहून आलेल्यांपैकी कुणी म्हणेल, इथं प्यायला पाणी नाही आणि हा रजिस्टरं काय काढतो? खरं आहे. २०१६च्या एप्रिलात मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. ते साऱ्या देशानं पाहिलं. पाणी किती, हा प्रश्न सगळ्यांना कळतो. पाणी कसलं, हा प्रश्न खालच्या अंगाला राहणाऱ्यालाच कळतो.

महाड आठवा. २० मार्च १९२७ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. मग सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. कशानं? पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून. शेणानं, गोमूत्रानं! आज कुठलाही प्रयोगशाळा सहायक सांगेल की शेण ओतलं की पाण्यातले जंतू वाढतात, प्राणवायू घटतो. माणसाच्या ओंजळीनं तळं बाटलं आणि शेणानं ते शुद्ध झालं. पाण्याची 'गुणवत्ता' या देशात शतकानुशतकं अशी ठरत आली. आपल्याला आकडा हवा तो यासाठी. आकड्याला जात नसते. पण थांबा, आकडा कुठून घेतला, याला मात्र असते.

महाडची लढाई तळ्यावर संपली नाही. १२ डिसेंबर १९२७ला सनातन्यांनी दावा लावला. म्हणणं काय, तर अस्पृश्यांनी तळ्याला शिवायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे. दहा वर्षं कोर्ट चाललं. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला की रूढी अनादी असल्याचं शाबीत झालेलं नाही. 'पूर्वीपासून'चा पुरावा त्यांना देता आला नाही, म्हणून ते हरले.

आज ओझं आपल्या डोक्यावर आहे. आपण म्हणतो, वस्तीखालची नदी पूर्वी अशी नव्हती. समोरचा विचारतो, पुरावा? आता 'पूर्वी' शाबीत करायची पाळी आपली आहे.

मग सरकारकडे काय आहे? महाराष्ट्रानं पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ला केला, मंडळ १९७०ला आलं. केंद्राचा कायदा १९७४चा. १९८४ला देशभरच्या नद्यांवर ११३ ठिकाणी नियमित तपासणी सुरू झाली. पुढं ठिकाणं वाढत गेली. हे काम मोलाचं आहे, त्याला शिव्या घालू नका. फक्त एक विचारा: नमुना कुठून घेतला? बहुधा पुलावरून, मधल्या धारेतून. त्याला शास्त्रीय कारण आहे, तिथं पाणी नीट मिसळलेलं असतं. पण मिसळलेलं म्हणजे सरासरी, आणि सरासरी कुणी पीत नाही. माणूस काठावरचं पाणी पितो, तेही गटार जिथं पडतं त्याच्या खालचं.

आणि जे मोजलं ते तरी राहतं का? कचेरीत कागदांनाही चार वर्ण आहेत: अ, ब, क, ड. 'अ' कायम जपायचा, 'ड' वर्षभरात नष्ट. मधल्यांना ठरावीक वर्षांचं आयुष्य. एका कचेरीत मी पाणी तपासणीची जुनी रजिस्टरं मागितली. उत्तर आलं, "नियमाप्रमाणं नष्ट केली." कुणी काही लपवलं नाही. त्या कागदाचा वर्णच खालचा होता.

आता कामाचं सांगतो, लिहून घ्या.

जिथं जुनं रजिस्टर असेल तिथं जा. माहितीचा अधिकार २००५पासून आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. नुसती नक्कल मागू नका, दप्तर पाहायला मागा. आपला मुलूख १९४८पर्यंत निजामाकडं, त्यामुळं जुने कागद उर्दूतही निघतील. जिल्ह्याचं नाव २०२३पर्यंत उस्मानाबाद. मांजरा तेलंगणात गेली की मांजिरा होते. सगळी नावं लावून शोधा.

आकडा आहे तसा उतरवा. मोजमाप कशात, तारीख कुठली, जागा कुठली, सगळं. मेमधलं डबकं आणि सप्टेंबरचा पूर एका रांगेत बसवू नका. रिकाम्या जागी शून्य भरू नका. 'मोजलं नाही' आणि 'सापडलं नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पद्धत जरूर लिहा. पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात, याला बीओडी म्हणतात. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागं ३ मिलिग्रॅमच्या वर नको. पूर्वी ही चाचणी २० अंशांवर ५ दिवस चालायची, नंतर २७ अंशांवर ३ दिवस करायला लागले. दोन्ही साधारण जुळतात असं धरतात. पण पद्धत लिहिली नाही तर विरुद्ध बाजूचा वकील आधी तिथंच बोट ठेवील.

नवा नमुना स्वतः घ्याल तर प्राणवायूची बाटली काठावरच औषध घालून बंद करावी लागते. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लागते, ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. आणि नमुना दोन जागी घ्या: वरच्या पाणवठ्यावर आणि आपल्या. मधला फरक हाच आपला दस्तऐवज.

शेवटचा रकाना म्हाताऱ्यांसाठी ठेवा. मासे कुठल्या साली मेले, झिऱ्याला वास कधीपासून यायला लागला. आकड्यात मिसळू नका, पण शेजारी लिहा. सगळ्याच्या दोन प्रती करा आणि दोन घरांत ठेवा. एक घर वस्तीतलं असू द्या.

माझी आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर साठ वर्षांचा तपासणी अहवाल गेला. मला लिहिता येत होतं. मी लिहून घेतला नाही. ही चूक माझी आहे. ती तुम्ही करू नका.

जय भीम.