छपरावरचे पाणी कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्याआधीच, मार्च महिन्यात, शहरातील पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागू झाली होती. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे शासनाने दंगलीच्या भीतीने पाहावे, यापरते दैन्य कोणते? आणि त्या भागात सरासरीने वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो!

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पत्र्याचे ३० चौरस मीटरचे छप्पर घ्या. दुष्काळी वर्षी पाऊस निम्मा, म्हणजे ४०० मिलिमीटरच झाला, तरी त्यावर १२,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ९,६०० लिटर उरते. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज २५ लिटर लागतील असे मानले, तर हे पाणी वर्षभर पुरते.

कृतीही अवघड नाही. छपराच्या कडेला पन्हळ लावावी. पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघते; ते पाणी सोडून द्यावे. नंतरचे पाणी खडी, वाळू व कोळसा यांच्या थरांतून गाळून झाकणबंद टाकीत घ्यावे आणि पिण्यापूर्वी उकळावे. टाकी उघडी राहिली तर डासांची पैदास होते.

सांडपाण्याचे शहाणपण तर जुनेच आहे. न्हाणीमागे अळू व केळी लावण्याची कोकणातील रीत सर्वांना ठाऊक आहे. संडासाचे पाणी त्यात मिसळू देऊ नये. आंघोळीचे व धुण्याचे पाणी त्याच दिवशी झाडांच्या बुंध्याशी सोडावे. साठवले तर ते कुजते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देऊ नये. परसू नसेल तेथे शोषखड्डा करावा. गल्लीतील डबके तरी आटेल.

मात्र खरा प्रश्न याच्या पुढे आहे. छप्पर लहान असले तरी चालते, पण १०,००० लिटरची टाकी बांधण्यास पैसा लागतो आणि जागा लागते. बंगल्याला दोन्ही आहेत. भूमिहीन मजुराच्या झोपडीला अंगणच नाही, आणि डोक्यावरून पाणी वाहण्याचे कष्ट त्याच घरातील बाईच्या वाट्याला येतात. ‘घरोघरी पाणी साठवा’ हा उपदेश तिला ऐकवून शासनाने नळयोजनेच्या जबाबदारीतून अंग काढून घेतले, तर ती काटकसर नव्हे, फसवणूक होय.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसे ओंजळभर पाणी प्यायली, ती केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. सार्वजनिक पाण्यावर प्रत्येकाचा हक्क आहे, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची चळवळ उभारली. तिने पाणीवाटप जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या संख्येवर ठरवले आणि भूमिहीनालाही वाटा दिला.

छपरावरच्या पाण्यालाही हेच तत्त्व लावले पाहिजे. गावातील सर्वांत मोठी छपरे शाळा, पंचायत, समाजमंदिर यांची, म्हणजे लोकांचीच असतात. त्यांच्याखाली सार्वजनिक खर्चाने टाक्या बांधल्या जाव्यात, आणि त्यांतील पाणी माणशी वाटले जावे. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पाऊसपाणी साठवण्याचे बंधन आहे. ते दाखल्यापुरते उरते की प्रत्यक्षात येते, याची तपासणी नागरिकांनी केली पाहिजे.

कार्यकर्त्याने प्रथम स्वतःच्या घराला पन्हळ लावावी, म्हणजे त्याच्या शब्दाला वजन येईल. नंतर ग्रामसभेत उभे राहून शाळेच्या छपराचा हिशेब मांडावा. पाऊस छप्पर पाहून पडत नाही. टाकी मात्र ऐपत पाहून बांधली जाते. हा भेद मिटवणे हेच राजकारण.