जुनी पिकअप घेताना



कांद्याचा हंगाम आला की नांदगाव तालुक्यात गाडीवाचून अडते. माल मनमाडला न्या, येवल्याला न्या, नाहीतर लासलगावला. भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही. मग दोघे भाऊ ठरवतात, आपलीच एक घेऊ. नवी झेपत नाही, म्हणून जुनी बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ पाहतात. त्यासाठी घरातले दागिने जातात, सोसायटीचे कर्ज होते. म्हणून ती नीट पारखून घ्यावी. रंग नवा, सीटकव्हर नवे, पुढे लिंबू-मिरची! आपण तिथेच भुलतो. आम्ही म्हणतो, रंग सगळ्यात शेवटी बघा.

गाडी बघायला सकाळी जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल. अशी गाडी थंडीत सुरू व्हायला त्रास देते की काय, हे कळत नाही. उद्या पुन्हा येतो म्हणावे.

चालू केल्यावर धूर पहा. जोर दिला की थोडा काळा धूर निघतो, त्याला फार भिऊ नका. हवेचा फिल्टर तुंबला असेल. निळा धूर म्हणजे इंजीन ऑइल जाळते आहे. इंजीन तापल्यावरही पांढरा धूर सुटतच राहिला, तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. मग इंजीन बंद करून ऑइलची पट्टी काढा. ऑइल ताकासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ती गाडी सोडा.

किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, बरं का! काटा ६०,००० दाखवतो आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेले. अशा वेळी विश्वास रबरावर ठेवावा.

आता गाडीखाली वाका. आमच्या मते इंजीनपेक्षा चेसिस मोठी. इंजीन पुन्हा बांधता येते. पण वर्षानुवर्षे जादा माल वाहिलेली चेसिस वाकते, तडकते. तिला कुठे वेल्डिंगचे ठिगळ आहे का, पाटे सपाट झालेत का, गाडी एका अंगाला झुकते का, हे पहा. नव्या काळ्या रंगाखाली जुने वेल्डिंग लपते, तेव्हा बॅटरी घेऊन पहा. गाडी रिकामी चालवून काही कळत नाही. दहा-बारा गोण्या टाका, चढावर न्या, उतारावर ब्रेक लावा. उद्या भरली गाडी कन्नडच्या घाटातून उतरवायची आहे.

आता कागद. तुम्हाला वाचता येते, मग आरसी दुसऱ्याच्या हाती देऊ नका. स्वतः वाचा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळवा. कोरीव नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. एकही आकडा फिरला तर व्यवहार नको.

आरसीवर दोन वजने असतात. भरलेल्या गाडीचे एकूण वजन समजा २,९०० किलो आणि रिकाम्या गाडीचे १,७००. वजा केले की उरले १,२०० किलो, म्हणजे १२ क्विंटल. चालकासकट तेवढाच भार कायद्याचा. विकणारा २५ क्विंटल ओढल्याची बढाई मारतो, तेव्हा चेसिस आणखी एकदा पहा.

बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. पासिंगची तारीख बघा. मालवाहू गाडी ८ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी करावे लागते. विमा चालू आहे का, तेही बघा.

नाव चढवायला नमुना २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे, असा कायदा आहे. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे की, अपघात झाला तर दप्तरात ज्याचे नाव तोच मालक धरला जातो. म्हणून सगळा पैसा एकदम देऊ नका. काही रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवा, आणि तसे कागदावर लिहून दोघांनी, साक्षीदारांसमोर, सह्या करा.