कायद्याच्या अभ्यासाची पूर्वतयारी

बारावीनंतर कला व विधि यांच्या पांच वर्षांच्या संयुक्त अभ्यासक्रमाकडे वळणारा जळगांव-धुळ्याचा विद्यार्थी बहुधा कलमें पाठ करूं लागतो. पण पहिल्या वर्षीं राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इंग्रजी हेही विषय असतात. त्यांस दुय्यम लेखूं नये. कायदा समाजांतूनच उपजतो. इंग्रजीचीही धास्ती नको. १८७२ च्या करार कायद्याचें दहावें कलम मूळ इंग्रजींत वाचावें. मग रावेरच्या केळीचा एखादा सौदा कल्पून तेंच घरच्या अहिराणींत वा लेवा बोलींत सांगून पाहावें. उभयतां सज्ञान होते काय? संमति खुषीची होती काय? मोबदला कायदेशीर होता काय? उद्यां दाराशीं येणारा अशील याच बोलींत गाऱ्हाणें मांडील. त्यास उमजेल असें सांगतां येणें, हीच खरी पूर्वतयारी होय.