भिंतीआडचे काम

दिवाळीच्या दिवसांत जयपूरच्या जोहरी बाजारातून किंवा चौडा रास्त्यावरून संध्याकाळी फेरफटका करणाऱ्या प्रवाशाला त्या गुलाबी नगरीचे एक विलोभनीय रूप पाहावयास मिळते. एकेका पेठेतील व्यापारी एकत्र येऊन आपापला रस्ता सजवितात. कमानी उभ्या राहतात, सज्जांवरून दिव्यांच्या माळा सोडल्या जातात आणि दोन-अडीचशे वर्षांच्या जुन्या भिंती प्रकाशाने न्हाऊन निघतात. पाहणाऱ्याची दृष्टी दिव्यांवर खिळते, आणि ते स्वाभाविकच आहे. ज्या तारांतून हा प्रकाश वाहत आला, त्या कोणी जोडल्या, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

विजेचे काम हे जात्याच अदृश्य आहे. सुताराने केलेली खुर्ची डुगडुगू लागली तर ती त्याच दिवशी कळते. शिंप्याचा अंगरखा तोकडा झाला तर आरसा सांगतो. परंतु तारतंत्र्याने ढिला ठेवलेला जोड गिलाव्याखाली गेला, की तो पाच वर्षे किंवा दहा वर्षेही मुकाट्याने तापत राहतो. तो उघडकीस येतो तेव्हा पुष्कळदा भिंतीवर काजळी धरलेली असते, आणि एखाद्या अभाग्याच्या घरी त्याहूनही मोठे संकट कोसळलेले असते. ज्या कामाची पारख गिऱ्हाइकाला करता येत नाही, त्याची हमी कोणी द्यावयाची, हा या व्यवसायातील मूळ प्रश्न आहे.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील पंचेचाळिसाव्या नियमाने असे ठरविले, की दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या किरकोळ वस्तू बदलणे सोडल्यास विजेच्या जोडणीचे कोणतेही काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करावे; त्यावर क्षमतेचे प्रमाणपत्र मिळविलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी; आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या कारागिराजवळ अनुज्ञापत्र असावे. पुढे २००३ चा विद्युत कायदा आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुरक्षेचे विनियम केले. शब्द बदलले, तरी मूळ तत्त्व तेच राहिले. कंत्राटदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री या तिघांची ही साखळी आहे, आणि तिची एक कडी निखळली तरी साखळी तुटते.

व्यवहारात ती तुटते कोठे, हे या धंद्यातील माणसांना चांगले ठाऊक आहे. घराचे काम होते एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीकडून. त्याच्या हाताखाली खेड्यातून नुकताच आलेला, कसलेही शिक्षण नसलेला पोरगा असतो. काम संपल्यावर वीज कंपनीकडे द्यावयाच्या चाचणी अहवालावर मात्र परवानाधारकाची सही लागते. ती सही मिळते. परंतु सही करणाऱ्याने ते घर पाहिलेले असतेच असे नाही. अहवालातील आकडे मोजून लिहिलेले असतात की अंदाजाने, हे त्या कागदावरून कळत नाही. सरकारी विद्युत निरीक्षक प्रत्येक घरी पोहोचू शकत नाही. तेव्हा कायद्याचा हात जेथे संपतो, तेथून पुढची जबाबदारी व्यवसायाने स्वतःच उचलली पाहिजे. कंत्राटदारांच्या संघटनेचे खरे कार्य येथूनच सुरू होते.

जयपूर हे या दृष्टीने विचार करण्याजोगे नगर आहे. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी ते वसविले, तेव्हा कारागिरांना त्यांच्या त्यांच्या व्यवसायानुसार गल्ल्या नेमून दिल्या गेल्या. मणिहारों का रास्ता लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा, ठठेरों का रास्ता तांबटांचा, खजानेवालों का रास्ता संगमरवराच्या मूर्ती घडविणाऱ्यांचा. दरबारचे छत्तीस कारखाने प्रसिद्धच आहेत. अशा गल्लीत कोणा तांबटाने पातळ पत्रा वापरला, तर ते त्याच्या शेजाऱ्याला ठोक्याच्या आवाजावरूनच समजावे. मुलगा बापापाशी, पुतण्या चुलत्यापाशी उमेदवारी करी. आणि वाईट कामाने एकट्याचे नव्हे, तर साऱ्या गल्लीचे नाव जाई. हे नगर २०१९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात या जिवंत कारागिरीचाही वाटा आहे.

वीज आली ती मात्र अशा परंपरेवाचून. तारतंत्र्याला स्वतःची गल्ली नाही. राजस्थान राज्य विद्युत मंडळ १९५७ मध्ये स्थापन झाले. २००० मध्ये त्याचे विभाजन होऊन जयपूरचे वितरण जयपूर विद्युत वितरण निगमाकडे आले. शहर तटबंदीबाहेर मैलोगणती पसरले. जुन्या हवेल्यांत दुकाने, पेढ्या, रत्नांना पैलू पाडणारी यंत्रे आणि प्रवाशांसाठी हॉटेले आली. ज्या खोलीत एके काळी दोन दिवे आणि एक पंखा एवढाच भार होता, तेथे आज दीड टनाचे वातानुकूलन यंत्र एकटेच सात-आठ अँपिअर प्रवाह ओढते. तार तीच राहिली आणि भार वाढला, तर ती तापणारच. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी त्यात जाड तार घातली, म्हणजे तर धोक्याची सूचना देणारा एकमेव पहारेकरीही झोपी गेला.

या प्रदेशातील जमिनीचीही एक अडचण आहे. अर्थिंगचा, म्हणजे भूसंपर्काचा, उपयोग असा, की यंत्राच्या धातूच्या कवचात चुकून प्रवाह उतरला, तर तो माणसाच्या अंगातून न जाता सुलभ मार्गाने जमिनीत जावा. परंतु कोरडी, रेताड जमीन प्रवाहाला सहजासहजी वाट देत नाही. जयपूरचा बहुतेक सारा पाऊस पावसाळ्याच्या थोड्या महिन्यांत पडतो. म्हणून श्रावणात मोजलेला भूसंपर्क उत्तम भरतो आणि तोच ज्येष्ठातील रखरखीत उन्हात निकामी ठरू शकतो. वीज पुरवठादारांच्या भूसंपर्काची चाचणी दोन वर्षांतून निदान एकदा, कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी घ्यावी, असे नियमांनी सांगितले आहे, त्याचे मर्म हेच. जयपूरच्या वेधशाळेत दगडाची यंत्रे उभारून आकाश मोजले गेले. त्या जयसिंहांच्या दरबारात महाराष्ट्रीय पंडित सम्राट जगन्नाथ यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. अशा नगरीतील कारागिराला अंदाज आणि मोजमाप यांतील भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये.

माणसाच्या देहाला किती प्रवाह घातक ठरतो, हेही पाहण्यासारखे आहे. घरगुती जोडणीत गळतीरोधक स्विच बसवितात, तो सामान्यतः तीस मिलीअँपिअर प्रवाहाची गळती होताच वीज तोडतो. शंभर वॉटचा साधा दिवा जेवढा प्रवाह घेतो, त्याचा हा सुमारे चौदावा हिस्सा झाला. पाच किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज एवढ्याशा प्रवाहाची दखलही घेत नाही. फ्यूज तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करावयास गळतीरोधक स्विच आणि चांगला भूसंपर्क लागतो. ही साधी गोष्ट गिऱ्हाइकाला पटवून देणे हे कंत्राटदाराचे कर्तव्य आहे. पण ज्याला स्वतःलाच ती कोणी शिकविली नाही, तो दुसऱ्याला काय पटविणार?

या अज्ञानाची किंमत थोडी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने वर्षाकाठी बारा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. महाराष्ट्राला ९ जानेवारी २०२१ ची रात्र विसरता येणार नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा तान्ही मुले गेली. जयपुरातही ५ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री सवाई मानसिंह रुग्णालयाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये अतिदक्षता विभागाला आग लागून किमान सहा रुग्ण दगावले, आणि पहिला संशय शॉर्टसर्किटवर गेला. अशा प्रसंगी दोष कोणाचा, हे चौकशीने ठरावयाचे. परंतु रुग्णालयासारख्या जागी तारेचा प्रत्येक जोड जबाबदार हाताने केलेला आणि वेळोवेळी तपासलेला असावा, एवढे तर कोणत्याही चौकशीवाचून म्हणता येईल.

आता संघटनेकडे वळू. कंत्राटदार बहुधा एकत्र येतात ते आपल्या अडचणींमुळे. देयके महिनोन्महिने थकतात. तांब्याचे भाव मध्येच चढतात. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीमुळे प्रामाणिक माणूस मागे पडतो. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या मांडण्यास संघटना हवीच. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत विद्युत कंत्राटदारांचे राष्ट्रीय संघ १९०१ मध्ये निघाले. महाराष्ट्रातील कंत्राटदारांचीही संघटना मुंबईत आहे. परंतु जी संघटना केवळ दरांसाठी भांडते, तिच्याविषयी गिऱ्हाइकाला आस्था वाटण्याचे काहीच कारण नाही. तिचे सभासदत्व हे वर्गणीची पावती होऊन बसते.

ज्या १९५६ साली भारतात विद्युत नियम झाले, त्याच साली ब्रिटनमध्ये विद्युत जोडणीच्या तपासणीसाठी एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्या नोंदवहीत नाव घालू इच्छिणाऱ्या कंत्राटदाराने आपल्या कामाचे नमुने परिषदेच्या तपासनिसाला दाखवावे लागतात, आणि ते एकदाच नव्हे, तर पुन्हा पुन्हा. अमेरिकेत कंत्राटदारांचा संघ आणि कामगारांची संघटना यांनी १९४१ मध्ये संयुक्त समिती नेमून शिकाऊ उमेदवारांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एरवी मजुरीवरून एकमेकांशी झगडणारे हे दोन पक्ष शिक्षणाच्या प्रश्नावर मात्र एका मेजाभोवती बसले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे शिक्षणाची साधने नाहीत असे नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्र्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. उणीव आहे ती त्यानंतरची. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या कारागिराला आज छतावर सौर पट्ट्या बसवाव्या लागतात, आणि राजस्थानात तर ऊन मुबलक. मुख्य स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत त्या पट्ट्यांच्या तारांत दाब राहतोच. आणि एकदिश प्रवाहाची ठिणगी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या ठिणगीसारखी चटकन विझत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुरवठा बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या माणसाला एखाद्या घरच्या चुकीने जोडलेल्या इन्व्हर्टरमधून उलट आलेला प्रवाह गाठू शकतो. म्हणून स्विच बंद करावा, त्याला कुलूप घालावे, सूचनेची पाटी लावावी, तार निर्जीव असल्याची यंत्राने खात्री करावी, ती जमिनीशी जोडावी आणि मगच हात लावावा, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत शिकविला पाहिजे. संघटनेने वर्षातून चार दिवस असे वर्ग भरविले आणि सभासदत्वाचे नूतनीकरण त्या हजेरीशी जोडले, तर त्याला फार मोठे भांडवल लागणार नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की अशाने संघटना म्हणजे बड्या कंत्राटदारांचा बंदिस्त वाडा होईल आणि छोट्या मिस्त्रीला बाहेरच राहावे लागेल. ही भीती अनाठायी नाही. तिच्यावर उपाय असा, की परवाना देण्याचा अधिकार सरकारकडेच राहावा, संघटनेचे दार परीक्षेला उतरणाऱ्या प्रत्येकास उघडे असावे, आणि अनुज्ञापत्रधारक तारतंत्र्यांना अल्प वर्गणीत सहसभासद करून घ्यावे. शिडीवर चढणारा पोरगा हाच या धंद्यातील सर्वांत असुरक्षित माणूस असतो. त्याच्या हाती रबरी हातमोजे, कमरेला पट्टा आणि खिशात चाचणीचे यंत्र आहे की नाही, यावरूनच संघटनेची किंमत ठरावी. सही भाड्याने देणाऱ्या सभासदाचे नाव यादीतून काढण्याचे धैर्य तिच्यात असेल, तर उरलेल्या नावांना आपोआप वजन येईल.

गिऱ्हाइकाचीही यात थोडी जबाबदारी आहे. घर बांधताना फरशीचा रंग ठरविण्यात आठवडा घालविणारा गृहस्थ विजेच्या कामासाठी सर्वांत स्वस्त माणूस शोधतो. त्याने तीनच गोष्टी विचाराव्या: परवान्याचा क्रमांक काय, भूसंपर्काचा आकडा कोणत्या तारखेस किती भरला, आणि गळतीरोधक स्विच बसविला आहे की नाही. हे तीन प्रश्न घरोघरी विचारले जाऊ लागले, की त्यांची उत्तरे देऊ शकणाऱ्या कारागिराला काम मिळेल आणि न देऊ शकणाऱ्याला शिकावे लागेल. जुन्या जयपुरात तांबटाच्या भांड्याची परीक्षा गल्ली करीत असे. तारेची परीक्षा करणारी गल्ली आता कंत्राटदारांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून वसवावयाची आहे.