लॉर्ड हाउ बेटाच्या पाण्याखाली



आज जाऊया ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, लॉर्ड हाउ या चिमुकल्या बेटावर.
किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटर दूर, भर समुद्रात.

इथे उबदार पाणी आणि थंड पाणी एकमेकांना भेटतं.
उत्तरेकडून एक उबदार प्रवाह येतो.
दक्षिणेकडून थंड पाणी येतं.
म्हणून इथे प्रवाळ वाढतं,
आणि त्याच्या शेजारीच थंड समुद्रातलं शेवाळही वाढतं.
जगातल्या अगदी दक्षिणेकडच्या प्रवाळभिंतींपैकी एक इथे आहे.

पोहायला नवखे असाल, तर नेड्स बीचवर जा.
तोंडात श्वास घ्यायची नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, एवढंच पुरे.
गुडघाभर पाण्यात मासे पायांभोवती फिरतात.
मला हीच जागा सर्वांत प्रिय वाटते, कारण लहान मुलांनाही ती आपली वाटते.
पश्चिमेला खाजण आहे.
प्रवाळभिंत लाटा अडवते, आत पाणी शांत राहतं.
तिथल्या अर्स्कॉट्स होल या खळग्यात प्रवाळ फार सुंदर आहे.
पण त्यावर पाय टेकवू नका, श्रोतेहो.
एका पावलाने मोडलेलं प्रवाळ भरून यायला वर्षं लागतात.

पाठीवर हवेची टाकी बांधून उतरणाऱ्यांसाठी
उत्तरेला अ‍ॅडमिरल्टी बेटं आहेत,
कमानी आणि गुहांनी भरलेली.
आणि दक्षिणेला बॉल्स पिरॅमिड,
समुद्रातून सरळ वर आलेला उंचच उंच सुळका.
उबदार आणि थंड पाण्याच्या या भेटीत
तिथे बॅलिना एंजलफिश दिसतो.
एरवी फार खोल राहणारा हा मासा
इथे पाणबुड्यांच्या नजरेसमोर येतो.