बर्फ पडत नाही, तरी थर्मोस्टॅट लागतो

आज बोलायचंय गाडीतल्या एका मुठीएवढ्या वस्तूबद्दल. तिचं नाव थर्मोस्टॅट. ती बिघडेपर्यंत तिची आठवण कुणालाच येत नाही. आम्हालाही आली ती थेट घाटातच.

गेल्या मे महिन्यात मी आणि बाबा रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडी जुनी, पेट्रोलची. हातखंबा, पाली, साखरपा, सगळं मस्त. आंबा घाट चढायला लागलो आणि थोड्याच वळणांनंतर तापमानाचा काटा थेट लाल पट्ट्यात! गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. बाबा पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले. तेवढ्यात कोल्हापूरकडचा एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "ओ काका, झाकणाला हात लावू नगासा! तोंड भाजंल!"

बाबा थांबले म्हणून वाचले. कारण काय, तर ते झाकण आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवतं. दाबामुळे ते पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलंत की दाब गेला, आणि तेच पाणी त्या क्षणी उकळून वाफेसकट अंगावर उडतं. म्हणजे गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. कधीच नाही.

तासाभराने खालच्या गावातून एक मेकॅनिक बाइकवर आला. रेडिएटरमध्ये पाणी होतं, पंखाही ठीक होता. त्याने इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप दाखवला. इंजिन भट्टीसारखं तापलेलं असताना तो पाइप जेमतेम कोमट. "गरम पाणी इथवर येतच नाय," तो म्हणाला, "दार बंद हाय."

हे दार म्हणजेच थर्मोस्टॅट. एक झडप आणि तिच्यात मेणाची छोटी डबी. इंजिन थंड असताना झडप बंद असते, पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन पटकन तापतं. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे थंड व्हायला जातं. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. यात वीज नाही, सेन्सर नाही, सगळं काम मेणाचं. काही नव्या गाड्यांत विजेवर चालणारेही असतात, पण मूळ कल्पना हीच.

आमची झडप बंद अवस्थेत अडकली होती. अशा वेळी गाडी तशीच रेटली तर हेड गॅसकेट जातं, ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकतं आणि खर्च हजारोंत जातो.

मेकॅनिकने तिथल्या तिथे थर्मोस्टॅट काढला, पाणी भरलं. नवा कुठे मिळतो विचारलं तर हसला. "आपल्याकडं काय बर्फ पडतो? याची गरजच नाय." घरी पोहोचण्यापुरतं ते ठीकच होतं. चूक आमची. त्याचं बोलणं खरं मानून आम्ही पुढचे तीन महिने तशीच गाडी चालवली.

मग पावसाळा आला. मारुती मंदिर ते जयस्तंभ, साळवी स्टॉप ते बाजार, असल्या छोट्या फेऱ्यांत काटा वर चढेचना. काचेवर वाफ धरायची आणि हीटरमधून कोमट हवासुद्धा येत नव्हती. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी १३ वर आली. कारण सोपं आहे. इंजिन थंड आहे असं कळलं की गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. वर ऑइल नीट तापत नाही, त्यामुळे त्यातला ओलावा उडून जात नाही. ऑइलच्या झाकणाखाली आम्हाला दुधाच्या सायीसारखा थर दिसला, तेव्हा कुठे डोळे उघडले. उघड्या अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅटही हेच करतो, गुपचूप.

आणखी एक गंमत. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना इंजिनात परत फिरणाऱ्या पाण्याची वाट बंदही करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला टाळून फिरत बसतं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून काढलेला थर्मोस्टॅट चढणीला गाडी उलट तापवू शकतो!

शेवटी नवा बसवला. आमच्या गाडीचा हजाराच्या आत आला. जुना मी फेकायच्या डब्यातल्या पातेल्यात, पाण्यात टाकून गॅसवर ठेवला. पाणी खळाखळा उकळलं, तरी झडप हलली नाही. चांगला असता तर त्याआधीच उघडला असता. हा प्रयोग कराल तर ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका, कूलंट विषारी असतं.

आता तुमच्यासाठी. बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा नसतो, दिवे असतात. निळा दिवा म्हणजे इंजिन थंड. सकाळी चालू केल्यावर काही मिनिटांत तो विझायला हवा. खूप वेळ तसाच राहिला तर थर्मोस्टॅट तपासून घ्या. लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत खेचली जाते, आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी थांबवून इंजिन बंद. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका. पंख्याजवळ हात नेऊ नका, तो अचानक सुरू होऊ शकतो. आणि नुसतं नळाचं पाणी भरत राहू नका. गंज धरतो आणि झडप अडकायला तेवढं पुरतं. कंपनीने सांगितलेलं कूलंटच वापरा.

त्या ट्रकवाल्या काकांचं नावसुद्धा आम्ही विचारलं नाही. निदान त्यांचं वाक्य तरी पुढे पोचवा. घरात ज्यांना घाईत झाकण उघडायची सवय आहे, त्यांना हा भाग आजच पाठवा.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा!